नवागताचा उत्साह आणि मानवी भांडवल : सॉफ्टवेअर उद्योगाच्या अनुभवातून

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

आर्थिक विकासाची चर्चा बहुधा मोठ्या आकड्यांपासून सुरू होते. राष्ट्रीय उत्पन्न, निर्यात, गुंतवणूक, रोजगार हे शब्द परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेतच. परंतु हे आकडे ज्या लहानलहान घटनांनी घडतात, त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अशीच एक लहान घटना म्हणजे एखाद्या तरुण पदवीधराचा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूतील पहिला दिवस. त्याच्याजवळ पदवी असते, थोडे प्रशिक्षण असते आणि भरपूर उत्साह असतो. या उत्साहाचे पुढे काय होते, यावर त्या तरुणाचे भवितव्य तर अवलंबून असतेच. शिवाय देशाचे मानवी भांडवल वाढते की वाया जाते, हेही काही अंशी तेथेच ठरते.

नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलर, निर्यात सुमारे २०० अब्ज डॉलर आणि थेट रोजगार सुमारे ५४ लाख इतका होता. या उद्योगाला खाण लागत नाही, बंदर लागत नाही, कच्चा माल आयात करावा लागत नाही. त्याचा कच्चा माल म्हणजे माणसाची बुद्धी आणि त्याचे यंत्र म्हणजे माणसांचे परस्पर सहकार्य. म्हणूनच नवागताचा प्रश्न येथे केंद्रस्थानी येतो.

पार्श्वभूमी

१९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळुरात आपले केंद्र उघडले. १९८८ मध्ये नॅसकॉम ही संघटना आणि पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक अस्तित्वात आले. १९९१ मध्ये भारतीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यान संस्थेची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या आर्थिक उदारीकरणाने या क्षेत्राला मोकळे आकाश मिळाले. २००० सालच्या संक्रमणकाळात जगभरच्या संगणकांतील तारखांची दुरुस्ती करण्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले आणि त्यानंतर बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई, नोएडा, गुरुग्राम ही नावे जगाच्या नकाशावर ठळक झाली.

या वाटचालीत एक गोष्ट सातत्याने दिसते. उद्योगाने मोठ्या संख्येने नवपदवीधर घेतले, त्यांना काही महिने शिकवले आणि मग प्रत्यक्ष कामावर नेमले. इन्फोसिसचे म्हैसूर येथील प्रशिक्षण संकुल हजारो प्रशिक्षणार्थींची निवासासह सोय करू शकते. एखाद्या विद्यापीठाला शोभेल असे संकुल खासगी कंपनीने स्वतःच्या खर्चाने का उभारावे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

शिकण्याचा खर्च कोण करतो?

गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. एक सर्वसाधारण प्रशिक्षण, जे कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते. दुसरे विशिष्ट प्रशिक्षण, जे केवळ त्याच संस्थेत कामाला येते. सर्वसाधारण प्रशिक्षणाचा खर्च मालक सहसा करीत नाही, कारण शिकलेला कामगार अधिक वेतनासाठी दुसरीकडे जाऊ शकतो. मालकाने तो खर्च केलाच, तर सुरुवातीच्या कमी वेतनातून तो वसूल होतो. मोठ्या सेवा कंपन्यांतील नवपदवीधरांचे प्रारंभिक वेतन दशकाहून अधिक काळ वार्षिक साडेतीन लाख रुपयांच्या आसपास रेंगाळत राहिले, यामागे पदवीधरांचा मोठा पुरवठा हे एक कारण आहे. पण नवागत स्वतःच्या शिक्षणाचा काही भाग कमी वेतनाच्या रूपाने भरीत असतो, हे दुसरे कारणही लक्षात घ्यावे लागते.

केनेथ ॲरो यांनी १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आणखी एक मुद्दा मांडला. ज्ञानाचा मोठा भाग प्रत्यक्ष काम करताना मिळतो आणि तो पुस्तकातून हस्तांतरित होत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. संगणकाची भाषा वर्गात शिकता येते. परंतु बँकेच्या वीस वर्षे जुन्या प्रणालीत एखादी ओळ तशीच का लिहिली आहे, ती काढली तर कोणत्या शाखेतील कोणता हिशेब बिघडेल, हे त्या चमूत काही महिने काढल्याशिवाय कळत नाही. हे ज्ञान बव्हंशी माणसांच्या डोक्यात असते. ते नवागतापर्यंत पोहोचते ते विचारण्यातून, पाहण्यातून आणि चुका दुरुस्त करून घेण्यातून.

नवागताची किंमत

नवा माणूस आला की काम वाढते, असा सर्वसामान्य समज असतो. प्रत्यक्षात सुरुवातीला ते घटते. आयबीएम कंपनीत एका विशाल संगणक प्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा निष्कर्ष मांडला की, रेंगाळलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे नेमली तर तो अधिकच रेंगाळतो. त्याची कारणे दोन. पहिले, नवागताला शिकवण्यात अनुभवी माणसाचा वेळ जातो. दुसरे, माणसे वाढली की परस्पर संपर्काच्या वाटा त्याहून वेगाने वाढतात. पाच जणांच्या चमूत अशा जोड्या १० होतात. सहावा आला की १५. दहा जण झाले की ४५. माणसे दुप्पट झाली, पण संपर्काच्या वाटा साडेचारपट झाल्या.

याचा अर्थ नवागत नको असा नाही. पहिल्या काही महिन्यांत तो जितके देतो त्याहून अधिक घेतो, आणि हा फरक म्हणजेच चमूने त्याच्यामध्ये केलेली गुंतवणूक होय. ही जाणीव असलेला नवागत आपल्या उत्साहाचा उपयोग ही गुंतवणूक लवकर फळाला आणण्यासाठी करतो. ही जाणीव नसलेला नवागत पहिल्याच आठवड्यात सारी प्रणाली नव्याने लिहिण्याचा प्रस्ताव मांडतो. उत्साह दोघांमध्येही सारखाच असतो. परिणाम मात्र भिन्न असतात.

उत्साह हा एक संकेत

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेतांचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. मालकाला नव्या माणसाची खरी क्षमता दिसत नाही. त्याला फक्त संकेत दिसतात. जो संकेत कुणालाही फुकट देता येतो, त्याला मोल नसते. जो संकेत देण्यासाठी श्रम पडतात आणि ज्याच्याजवळ गुण नाही त्याला तो देणे जड जाते, तोच विश्वसनीय ठरतो. माहितीच्या असमतोलावरील कार्याबद्दल स्पेन्स यांना जॉर्ज अकेरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विचार नवागताला लावून पाहावा. ‘मला शिकण्याची फार आवड आहे’ हे वाक्य मुलाखतीत प्रत्येक जण उच्चारतो; त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. बैठकीत प्रत्येक सूचनेला मान हलवणे, वरिष्ठांच्या प्रत्येक संदेशाला तत्काळ उत्तर देणे, हेही स्वस्त संकेत आहेत. उलट पुढील गोष्टींना श्रम पडतात आणि म्हणूनच त्या बोलक्या ठरतात.

पहिली गोष्ट, तयारी करून विचारलेला प्रश्न. ‘हे चालत नाही’ असे म्हणणे आणि ‘अमुक पायरीपर्यंत सर्व ठीक आहे, तेथे हा संदेश येतो, दोन उपाय करून पाहिले, त्यांचा असा परिणाम झाला’ असे सांगणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न अनुभवी सहकाऱ्याचा वेळ वाचवतो.

दुसरी गोष्ट, लहान कामाबद्दल आदर. नवागताला सहसा किरकोळ दोष दुरुस्त करण्याचे काम मिळते. ते कमीपणाचे वाटते. पण दोष शोधताना प्रणालीच्या अनेक दालनांतून जावे लागते आणि तिची ओळख त्याहून चांगल्या रीतीने क्वचितच होते. दुरुस्तीबरोबर तो दोष पुन्हा उद्भवल्यास लगेच उघडकीस आणणारी चाचणी लिहिणारा नवागत चमूच्या स्मरणात राहतो.

तिसरी गोष्ट, लेखन. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ज्या अडचणी येतात, त्या जुन्यांना दिसेनाशा झालेल्या असतात. संगणकावर प्रणाली उभी करण्याच्या सूचना जुन्या झाल्या असतील, तर त्या सुधारून ठेवणे हे नवागतच उत्तम करू शकतो. पुढच्या प्रत्येक नवागताचा त्यामुळे वेळ वाचतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही सकारात्मक बाह्यता होय.

चौथी गोष्ट, परीक्षण स्वीकारण्याची वृत्ती. चांगल्या चमूत कोणाचीही आज्ञावली दुसऱ्याने तपासल्याखेरीज मुख्य प्रणालीत जात नाही. पहिल्याच परीक्षणात पंधरा सूचना आल्या म्हणजे अपमान झाला असे नव्हे. एका अनुभवी माणसाने आपला वेळ दिला असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक सूचनेमागचे कारण समजून घेणारा आणि तीच चूक पुन्हा न करणारा नवागत काही महिन्यांतच दुसऱ्यांचे परीक्षण करू लागतो.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत

प्रश्न विचारणे हे अज्ञानाचे लक्षण आहे, असा संकोच आपल्या शिक्षणपद्धतीतून खोलवर रुजतो. या संकोचाची किंमत किती मोठी असू शकते, याची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत.

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे प्रक्षेपक यान पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील आज्ञावलीचा एक भाग एरियन-४ या जुन्या यानातून जसाच्या तसा घेतला होता. नव्या यानाचा वेग वेगळा असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि मार्गदर्शक यंत्रणा कोलमडली. जुन्या आज्ञावलीमागचे गृहीतक नव्या परिस्थितीत टिकते का, हा प्रश्न वेळेवर ऐरणीवर आला नाही.

सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नाहीसे झाले. एका गटाची आज्ञावली ब्रिटिश एककांत आकडे देत होती आणि दुसरा गट ते मेट्रिक एककांत आहेत असे धरून चालला होता. चौकशी समितीने एककांच्या चुकीवर बोट ठेवलेच. शिवाय गटांमधील अपुरा संवाद आणि मार्गनिर्देशन करणाऱ्या गटाला यानाची पुरेशी ओळख नसणे याही त्रुटी दाखवल्या. ‘हा आकडा कोणत्या एककात आहे?’ हा प्रश्न अगदी शाळकरी वाटतो. परंतु तो नेमका नवागताच्या मनात उमटणारा प्रश्न आहे. जेथे तो विचारण्याची मुभा असते तेथे नवागताचे अज्ञानही चमूच्या उपयोगी पडते.

भारताच्या संदर्भात हा मुद्दा आता अधिकच गंभीर झाला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. २०१६ मध्ये यूपीआय सेवा सुरू झाली. रेल्वेचे आरक्षण, शिधावाटप, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती या साऱ्या गोष्टी आता संगणकीय प्रणालींवर चालतात. अशा एखाद्या प्रणालीत बदललेली एक ओळ चुकली, तर दूरच्या खेड्यातील वृद्धेचे निवृत्तिवेतन अडकू शकते. तिला त्या चुकीचे नाव कळत नाही. तिला फक्त परत जावे लागते. नवागताने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, तर त्याच्या उत्साहाला जबाबदारीची जोड मिळते.

उंदरांची शर्यत

उत्साहाची एक काळी बाजूही आहे. रात्री उशिरापर्यंत कार्यालयात थांबणे हाच निष्ठेचा पुरावा मानला जाऊ लागला, की प्रत्येक नवागत दुसऱ्यापेक्षा अर्धा तास अधिक थांबतो. सर्वच थांबू लागले की कोणीच वेगळा दिसत नाही. थकवा मात्र सर्वांच्या वाट्याला येतो. अकेरलॉफ यांनी १९७६ च्या एका निबंधात या स्थितीला उंदरांच्या शर्यतीची उपमा दिली. प्रत्येकाचा निर्णय वैयक्तिक पातळीवर तर्कसंगत असतो. सामूहिक निष्पत्ती मात्र सर्वांनाच अहितकारक ठरते.

दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पहिला करार १९१९ चा आहे आणि भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. बौद्धिक कामात आणखी एक तोटा होतो. थकलेल्या डोक्याने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ खाते. म्हणून ही शर्यत थांबवण्याची जबाबदारी एकट्या नवागतावर टाकता येणार नाही. सर्वांनी एकाच वेळी थांबावे यासाठी नियम लागतो आणि तो व्यवस्थापनाने व कायद्याने घालून द्यावा लागतो.

संकोच आणि विषमता

लातूर, वारंगळ, कटक किंवा इंदूर येथून आलेला पदवीधर आणि महानगरातील इंग्रजी माध्यमातून शिकलेला पदवीधर यांची तांत्रिक पात्रता सारखी असली, तरी बैठकीतील त्यांचे वर्तन सारखे नसते. पहिला मनातल्या मनात वाक्य जुळवत असतो, तोवर विषय पुढे जातो. त्याच्या मौनाचा अर्थ ‘उत्साह नाही’ असा लावला जातो. संकेत वाचण्यातील ही चूक केवळ त्या तरुणावर अन्याय करते असे नाही. ती कंपनीलाही एका सक्षम माणसाला मुकवते.

यावर उपाय अवघड नाहीत. बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी देणे, मत लेखी मांडण्याची सोय ठेवणे, प्रत्येक नवागताला एक मार्गदर्शक नेमून देणे आणि त्या मार्गदर्शकाचा वेळ कामाच्या हिशेबात धरणे, एवढ्याने बराच फरक पडतो. नवागतानेही आपल्या बाजूने लेखी संवादाचा पुरेपूर उपयोग करावा. स्वच्छ लिहिलेली चार वाक्ये सफाईदार उच्चारांपेक्षा अधिक काळ टिकतात.

बदलता काळ

नोव्हेंबर २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची संवादी साधने सर्वत्र पसरली आणि आज्ञावलीचा प्राथमिक मसुदा यंत्र लिहू लागले. नवागताला पूर्वी जी लहान कामे मिळत, त्यांतील अनेक आता यंत्राकडे जात आहेत. अमेरिकेतील वेतननोंदींच्या आधारे स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी २०२५ मध्ये असे दाखवले की, या तंत्रज्ञानाच्या प्रभावक्षेत्रातील व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातील रोजगार तुलनेने सुमारे १३ टक्क्यांनी घटला, तर अनुभवी कामगारांचा रोजगार टिकून राहिला. अमेरिकेतील निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. तरीही त्यातून उभा राहणारा प्रश्न आपलाही आहे. आज नवागत घेतले नाहीत, तर दहा वर्षांनी अनुभवी माणसे कोठून येणार? ॲरो यांनी सांगितलेली शिकण्याची शिडी खालच्या पायरीवरच तुटली, तर वरच्या पायऱ्या ओस पडतील. प्रत्येक कंपनीला स्वतःपुरता खर्च वाचवणे लाभाचे वाटते. तोटा मात्र साऱ्या उद्योगाचा होतो. हे बाजारपेठेच्या अपयशाचे ठळक उदाहरण आहे.

येथे सार्वजनिक धोरणाला भूमिका आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, त्यातील २०१४ च्या सुधारणा, २०१६ ची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने व्यवसायशिक्षणावर दिलेला भर यांची सांगड घालता येईल. प्रशिक्षणाचा लाभ सर्व समाजाला मिळत असेल, तर त्याच्या खर्चाचा काही वाटा समाजाने उचलणे न्याय्य ठरते.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी मित्रहो, या विवेचनातील मानवी भांडवल, कामातून शिक्षण, संकेत, बाह्यता, बाजारपेठेचे अपयश या संकल्पना आपल्या अभ्यासक्रमात आहेत. उत्तरपत्रिकेत त्यांची व्याख्या लिहिताना त्यांच्यामागे एक चालतीबोलती व्यक्ती आहे, हे विसरू नये. आपल्यापैकी कोणी सॉफ्टवेअर कंपनीत जाईल, कोणी तहसील कार्यालयात, कोणी मंत्रालयात. नवागत मात्र प्रत्येक जण असणार आहे. तेथेही जुनी नस्ती तशी का लिहिली आहे हे आधी समजून घ्यावे लागेल, लहान काम मनापासून करावे लागेल, तयारीनिशी प्रश्न विचारावे लागतील आणि चूक दाखवणाऱ्याचे आभार मानावे लागतील. आणि काही वर्षांनी जेव्हा आपण जुने व्हाल, तेव्हा समोर बसलेला एखादा नवा सहकारी गप्प असेल, तर त्याला उत्साह नाही असे ठरवण्यापूर्वी त्याला बोलण्याची जागा मिळाली आहे का, हे आपण पाहावे. शिकवण्यात गेलेला तो अर्धा तास कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही. परंतु देशाचे मानवी भांडवल त्यातूनच साठत जाते.